काहीही राखून न ठेवता

समर्पित ख्रिस्ती कोणाला म्हणावे, असा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. रविवारची उपासना न चुकवणारी, मंडळीच्या प्रत्येक समितीत नाव असणारी, शास्त्रातली वचने तोंडपाठ असणारी आणि उत्पन्नाचा दशांश न विसरता देणारी व्यक्ती. यातली एकही गोष्ट वाईट नाही आणि त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. उपासनेला न जाता, शास्त्र न उघडता आणि हात आखडता घेऊन समर्पण साधल्याचे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. तरीही या चित्रात काहीतरी सुटते, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे, कारण हे सारे करत असतानाही माणूस आयुष्यातला एखादा कोपरा ख्रिस्तापासून बेमालूमपणे राखून ठेवू शकतो. एवढेच नव्हे, तर धार्मिक कामांची गर्दी हीच तो कोपरा झाकण्याची सर्वांत सोयीची जागा असते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील हनन्या आणि सप्पीरा यांची कथा मी याच दृष्टीने वाचतो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत काही जण आपली जमीन विकून तिचे पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवत होते. या जोडप्यानेही जमीन विकली, किमतीचा काही भाग स्वतःकडे ठेवला आणि उरलेला भाग जणू संपूर्ण किंमत आहे अशा थाटात आणून दिला. प्रेषितांचा प्रमुख पेत्र त्यांना जे सांगतो ते पुष्कळदा घाईत वाचले जाते. जमीन विकण्यापूर्वी ती तुमचीच होती आणि विकल्यानंतरही पैसे तुमच्याच हाती होते, असे तो म्हणतो. म्हणजे सर्व काही द्यावे अशी सक्ती त्यांच्यावर कोणीही केली नव्हती. अर्धे देऊन ‘अर्धे देतो’ असे म्हटले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता. राखून ठेवणे आणि तरीही सर्वस्व दिल्याचा देखावा करणे, हा त्यांचा अपराध होता. पुढची शिक्षा, म्हणजे दोघांचाही जागच्या जागी मृत्यू, आजही अंगावर काटा आणते आणि ती सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही. पण समर्पित म्हणवून घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला त्या जोडप्याच्या जागी उभे करून पाहावे, यासाठीच ती कथा तिथे आहे असे मला वाटते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी, नाही तर पुढचे सारे विपरीत वाचले जाईल. काहीही राखून न ठेवणे ही देवाची मर्जी मिळवण्याची किंमत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल जो क्रम लावतो तो उलटा करता येत नाही: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान म्हणून मिळते, ते कर्मांनी मिळत नाही, आणि त्यानंतर, त्याच वाक्यांच्या ओघात, देवाने आधीच योजून ठेवलेली सत्कृत्ये करण्यासाठी आपण निर्माण झालो आहोत. कृपा आधी, कृत्ये मागाहून. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा क्रम फार ठळकपणे दिसतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्या शास्त्री होत्या, धर्मशास्त्राच्या मुद्द्यांवर आपल्या धर्मगुरूंशी आणि मठवासी भगिनींशी त्यांनी पत्रांतून निर्भीड वाद घातला, स्त्रियांसाठी काम उभे केले. तरीही पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. इतक्या कर्तबगार स्त्रीने हे लिहावे, यातच त्यांचा मोठेपणा आहे. विशेष म्हणजे त्या जाणिवेनंतर त्यांचे काम कमी झाले नाही, उलट वाढले. फक्त ते आता कशाची तरी भरपाई करण्यासाठी चाललेले नव्हते.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. कृपा फुकट आहे म्हणून ती आपल्याकडून काहीच मागत नाही, असे मानणाऱ्या ख्रिस्तीपणाला डीट्रिख बोन्हॉफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले. पश्चात्तापावाचून क्षमा, शिष्यत्वावाचून कृपा, वधस्तंभावाचून कृपा, असे त्याचे वर्णन होते. ज्या मंडळ्यांमध्ये रविवारी पापक्षमेची घोषणा होत होती त्यांतल्याच अनेक मंडळ्या नाझी राजवटीपुढे मान तुकवत होत्या, हे तो डोळ्यांनी पाहत होता. त्यामुळे हे लेखन अभ्यासिकेतला तात्त्विक काथ्याकूट नव्हते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

मग समर्पण एकदाच होते की रोज? माझे उत्तर असे की निर्णय एकदा होऊ शकतो, पण तो निर्णय आयुष्याच्या सर्व भागांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो, आणि तो किती वेळ असू शकतो हे अठराव्या शतकातील इंग्रज खलाशी आणि पुढे धर्मगुरू झालेल्या जॉन न्यूटनच्या चरित्रात दिसते. कृपेवरचे त्याचे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत आज जगभर गायले जाते. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात त्याचे जहाज वादळात सापडले, बुडण्याच्या बेतात आले आणि त्याने देवाचा धावा केला. तो दिवस त्याने पुढे आयुष्यभर आठवणीने पाळला. आपल्याला सांगितली जाणारी कथा बहुधा येथेच संपते: पापी गुलामव्यापारी वादळात सापडला, तारला गेला आणि सारे बदलले. प्रत्यक्षात त्यानंतर तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर पुन्हा गेला आणि १७५० ते १७५४ या काळात अशा जहाजांचा कप्तान होता. जहाजाच्या तळाशी साखळदंडांनी बांधलेली माणसे असताना वर तो रविवारी खलाशांसाठी उपासना चालवत होता, शास्त्र वाचत होता, प्रार्थना करत होता. समुद्रावरचे आयुष्य त्याने सोडले ते प्रकृतीच्या कारणाने. विवेकाची टोचणी लागून नव्हे. १७६४ मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये, म्हणजे त्या वादळानंतर ४० वर्षांनी; आणि त्या लेखनात त्याने स्वतःच्या सहभागाची लाज लपवली नाही. पुढे त्याने ब्रिटिश संसदेच्या चौकशीत साक्ष दिली. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ते वर्ष १८०७, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला.

या चरित्राकडे पाहून काही जण म्हणतात की त्याचे परिवर्तन खोटे होते. मला तसे वाटत नाही, आणि तसे म्हणणे फार सोपे आहे असेही वाटते. त्याची प्रार्थना खोटी नव्हती, त्याची शिव्या देण्याची सवय खरोखर सुटली, पत्नीवरचे त्याचे प्रेम खरे होते. पण ज्या व्यवहारावर त्याचे आणि त्याच्या भोवतालच्या सभ्य, उपासनाप्रिय समाजाचे पोट चालत होते, तो व्यवहार त्याच्या समर्पणाच्या कक्षेत आलाच नाही, कारण तो पाप आहे असे त्याला कोणी म्हणत नव्हते. मला भीती वाटते ती नेमकी याची. जे पाप मला ठाऊक आहे, ज्याच्याशी माझे रोज भांडण चालते, ते त्या मानाने कमी धोक्याचे. माझ्या काळातील सर्व भले लोक जे निःशंकपणे करतात, ज्यातून मला सोय आणि उत्पन्न मिळते आणि ज्याची किंमत मला न दिसणारे कोणीतरी मोजते, तिथे मी न्यूटनच्या जहाजावरच उभा असण्याची शक्यता अधिक. म्हणून पश्चात्ताप ही बाप्तिस्म्याच्या वेळी उरकण्याची गोष्ट राहत नाही. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असे सांगतो की प्रभू येशूने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्यांचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असा त्याचा हेतू होता. मोठ्या धर्मसुधारणेच्या आरंभी हे वाक्य आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

प्रार्थनेबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण या विषयावर भावनांचे प्रदर्शन फार होते. समर्पित माणसाला देवाचे सान्निध्य सतत जाणवत असते, अशी एक समजूत आहे आणि ती पुष्कळांना विनाकारण दुःख देते. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की कित्येक दशके त्यांना अंतरी देवाची अनुपस्थितीच जाणवत होती. काहींनी त्यावरून त्यांना ढोंगी ठरवले. माझ्या मनावर परिणाम उलटा झाला: काहीही जाणवत नसताना पहाटे उठून प्रार्थनेला बसणे आणि मग दिवसभर मरणासन्न माणसांजवळ राहणे, याला जर निष्ठा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र काळोखातच सुरू होते आणि काळोखातच संपते. शेवटी आशेची ओळ जोडण्याची गरज संकलनकर्त्यांना वाटली नाही, आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात आहे. त्यातला माणूस उत्तर मिळत नसतानाही देवालाच हाक मारत राहतो, दुसरीकडे तोंड वळवत नाही.

म्हणून मी प्रार्थनेत ठरावीकपणाचा कैवार घेतो, जरी अनेक मंडळ्यांमध्ये आयत्या वेळी सुचलेली प्रार्थना अधिक आत्मिक मानली जात असली तरी. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या सुमारास लिहिलेल्या ‘डिडाखे’ या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी अशी सूचना आहे. त्या ख्रिस्ती लोकांना उत्स्फूर्तता ठाऊक नव्हती असे नाही. पण माझी मनःस्थिती काहीही असो, ‘आमचे ऋण सोड’ हे मला तीनदा म्हणावे लागले, तर दिवसभरात कोणाचे ऋण मी सोडले नाही हे निदान एकदा तरी आठवते. माझे शब्द माझ्या इच्छांभोवती फिरतात. दिलेले शब्द मला माझ्या इच्छांबाहेर काढतात. त्याच प्रार्थनेत रोजच्या भाकरीसाठीचे मागणे ‘आम्हांला’ असे अनेकवचनी आहे आणि ते एकट्याने, दार लावून म्हटले तरी अनेकवचनीच राहते.

भाकरीवरून पैशाकडे यावेच लागते. प्रभू येशू पैशाबद्दल इतके बोलला आणि आपण मंडळीत त्याबद्दल, दानपेटीचा विषय सोडला तर, इतके कमी बोलतो की हा योगायोग मानता येत नाही. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कयाच्या घरी तारण आल्याची खूण काय होती? तो जकातदारांचा मुख्य होता. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर केले. त्याने कोणते गीत गायले, त्याला काय वाटले, याचा उल्लेख नाही; रक्कम मात्र नोंदलेली आहे. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या आरंभीच्या मेथडिस्टांपैकी एकाची हकिगत सांगितली आहे, आणि तो स्वतःबद्दलच बोलत होता असे सामान्यतः मानले जाते. त्या माणसाला वर्षाला ३० पौंड मिळत. तो २८ पौंडांत भागवी आणि २ पौंड देऊन टाकी. दुसऱ्या वर्षी ६० पौंड मिळाले, तरी त्याने २८ मध्येच भागवले आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले तेव्हा ६२ दिले आणि चौथ्या वर्षी १२० मिळाले तेव्हा ९२. या हिशेबातील नवल दानाच्या वाढत्या आकड्यात नाही, २८ या न हललेल्या आकड्यात आहे. उत्पन्न वाढले की गरजाही आपोआप वाढतात आणि त्या वाढलेल्या गरजांना आपण देवाचा आशीर्वाद म्हणतो. वेस्लीने मधला दुवाच तोडला. ज्यांच्यावर मुलांची, आजारी आईवडिलांची जबाबदारी आहे त्यांना त्याची नक्कल जमणार नाही, आणि तशी ती कोणी मागूही नये. पण आपल्यासाठी पुरेसे किती, हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहणे प्रत्येकाला जमते. दशांशाची अडचण हीच आहे की तो दिल्यावर उरलेल्या नऊ भागांवर आपलाच मालकी हक्क आहे असे वाटू लागते.

जिभेचा प्रश्न पैशाहून लहान वाटतो, म्हणूनच तो राहून जातो. बोन्हॉफरने १९३५ पासून फिंकेनवाल्डे येथे भावी पाळकांसाठी एक प्रशिक्षणगृह चालवले, जे १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बंद पाडले. तेथे एक नियम होता: कोणत्याही बांधवाबद्दल त्याच्या अनुपस्थितीत बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर नंतर त्याला ते जाऊन सांगायचे. बाहेर राजवट गळा आवळत असताना या माणसाला चहाडीची काळजी पडली होती, हे वाचून सुरुवातीला हसू येते. पण तेथील विद्यार्थ्यांनी नंतर सांगितले की उपदेशांपेक्षा हा साधा नियम पाळताना आणि मोडताना ते अधिक शिकले. हा नियम आज कोणत्याही मंडळीत फक्त एक महिना लागू करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. अर्थात पहिल्या आठवड्यातच बरेच संभाषण थांबेल.

क्षमेबद्दल मात्र सावधपणे लिहायला हवे, कारण या विषयात खूप अन्याय झालेला आहे. एक प्रसंग आधी सांगतो. १५६९ मध्ये नेदरलँड्समधील आस्परेन येथे डर्क विलेम्स नावाचा एक अ‍ॅनाबाप्टिस्ट (फक्त प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाचा) ख्रिस्ती कैदेतून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळू लागला. उपासमारीने हलका झालेला असल्याने तो पलीकडे पोहोचला. त्याचा पाठलाग करणारा पहारेकरी मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे वळला आणि त्याने त्या माणसाला बाहेर काढले. त्यानंतर त्याला पुन्हा पकडण्यात आले आणि १६ मे १५६९ रोजी जिवंत जाळण्यात आले. वैऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा ऐकायला सुंदर वाटते, पण तिची किंमत येथे उघड दिसते, आणि ही गोष्ट सुखान्त नाही. शिवाय जाळणारेही स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, हे सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. मागे वळण्यास जो क्षण मिळाला तो विचार करण्याइतका मोठा नव्हता. अशा क्षणी माणूस तेच करतो जे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. गायक जसा मैफलीत सूर शोधत बसत नाही, रोजच्या रियाजात बसलेला सूरच त्या वेळी गळ्यातून निघतो.

पण डर्कने स्वतःचा जीव दिला. दुसऱ्या कोणाला ‘तू मागे वळ’ असे सांगितले नाही. नेमका हा फरक मंडळ्या विसरतात. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला, धर्मसेवकाकडून अत्याचार झालेल्या मुलाला ‘क्षमा कर आणि विसरून जा’ असा उपदेश करणे म्हणजे क्षमेच्या नावाखाली गुन्हेगाराला आसरा देणे आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सत्तर वेळा सात वेळा क्षमा करण्याची आज्ञा आहे, हे सर्वांना माहीत असते. त्याच अध्यायात, तिच्या आधी, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असेही म्हटले आहे, आणि अपराध करणाऱ्या बांधवाला त्याचा अपराध दाखवण्याची, न ऐकल्यास साक्षीदार घेऊन जाण्याची, तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवण्याची पद्धत दिली आहे. म्हणजे क्षमा आणि सत्य उघड करणे ही एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत. सूड सोडून देणे हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा, देवासमोरचा, हळूहळू होणारा प्रवास आहे. तो कधी सुरू व्हावा आणि किती वेगाने व्हावा हे बाकीच्यांनी ठरवू नये. बाकीच्यांना वेगळे काम आहे. डोंगरावरील प्रवचनात म्हटले आहे की वेदीजवळ अर्पण आणलेले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. येथे उठून जाण्याची जबाबदारी ज्याने दुखावले त्याच्यावर टाकली आहे. तो उपदेश आपण बहुधा दुखावलेल्यालाच करतो.

एवढे सारे एकट्याने जमत नाही, आणि म्हणून मंडळी हवी. ‘मी ख्रिस्ताला मानतो, मंडळीला नाही’ असे म्हणणारे अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे तसे म्हणण्याला सबळ कारणे आहेत. मंडळीने ज्यांना खरोखर जखमी केले त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण ज्यांचे कारण केवळ कंटाळा किंवा चवीचा प्रश्न आहे त्यांना अबितिना गावच्या ख्रिस्ती लोकांबद्दल सांगावेसे वाटते. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती सभांवर आणि त्यांच्या शास्त्रग्रंथांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या या गावच्या ४९ जणांना एका घरात प्रभुभोजनासाठी जमलेले असताना पकडून कार्थेजला नेण्यात आले. आज्ञा का मोडली असे विचारल्यावर त्यांच्यातल्या इमेरिटसने उत्तर दिले की प्रभूच्या दिवसाच्या या भोजनावाचून आम्ही जगू शकत नाही. त्यांची उपासना आपल्यापेक्षा फार रंजक असेल असे मानायला काही आधार नाही. तिथे जमणारी माणसेही आपल्यासारखीच असतील: कोणी चिडखोर, कोणी बढाईखोर, कोणी झोपाळू.

मंडळीचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग मात्र सांत्वनाचा नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला जेवत असे, पण यरुशलेमेहून काही जण येताच लोकभयाने तो बाजूला होऊ लागला, आणि तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर विरोध केला. पेत्र हा पेत्र होता! प्रभूबरोबर चाललेला, पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) सणाला प्रवचन केलेला. त्याचाही एक कोपरा राखीव होता आणि तो त्याला स्वतःला दिसला नाही. दुसऱ्याने दाखवावा लागला. न्यूटनला असा पौल त्याच्या जहाजावर भेटला नाही. आपले ज्याच्याशी पटत नाही, ज्याचे उत्पन्न, जात, वय, मत आपल्यासारखे नाही, अशा माणसाबरोबर एकाच मेजावरची भाकर घेणे आणि त्याचे बोलणे ऐकून घेणे, ही समर्पणाची अशी कसोटी आहे जिला एकट्याच्या खोलीत पर्याय नाही. एकाच विचाराच्या, एकाच थरातल्या लोकांची मंडळी कितीही उत्साही असली तरी ती हे काम करू शकत नाही.

रोजच्या नोकरीधंद्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तत्त्व साधे आहे आणि अडचण फक्त पाळण्याची आहे. खोटी बिले न करणे, हाताखालच्याचा मोबदला वेळेवर देणे, न केलेल्या कामाचे श्रेय न घेणे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सैन्यांच्या प्रभूच्या कानी पोहोचतो असे लिहिले आहे. मालकवर्गातील ख्रिस्ती माणसाने ते वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचावे.

साक्ष देण्याबद्दल मात्र माझे मत काही बांधवांना आवडणार नाही. आपल्या विश्वासाबद्दल गप्प राहणे मला पटत नाही, पण विश्वास न मानणाऱ्या माणसाकडे केवळ जिंकायचा गडी म्हणून पाहणे त्याहून कमी पटते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असावे आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असे म्हटले आहे. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने, जो ख्रिस्ती विश्वास सोडून जुन्या देवतांकडे परत गेला होता आणि ख्रिस्ती लोकांना ‘गालीली’ म्हणून हिणवत असे, आपल्या एका प्रमुख पुजाऱ्याला चिडून लिहिले की हे गालीली केवळ स्वतःच्या गरिबांना पोसत नाहीत, आपल्याही गरिबांना पोसतात. ज्यांना मदत केली ते ख्रिस्ती झाले की नाही याची नोंद त्या पत्रात नाही. शत्रूने रागाने दिलेले हे प्रमाणपत्र मला अनेक प्रचारपत्रकांपेक्षा मोलाचे वाटते, आणि आज आपल्याबद्दल कोणी चिडून असे काही लिहील का, हा प्रश्न फार सुखावह नाही.

शेवटी वय वाढते. या विषयावर लिहिणारे बहुधा सशक्त, हिंडत्या-फिरत्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवतात आणि समर्पणाची व्याख्या करण्याच्या गोष्टींनीच करतात. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात, येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तीनदा प्रीतीबद्दल विचारून झाल्यावर, प्रभू त्याला सांगतो की तरुण असताना तू स्वतः कंबर बांधून हवे तिकडे जात होतास, पण म्हातारा झाल्यावर तू हात पुढे करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको असेल तिकडे नेईल. ते वचन पेत्राच्या मरणाबद्दल होते, असे योहान लगेच सांगतो. पण अंथरुणाला खिळलेल्या, दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घ्यावी लागणाऱ्या, स्मरणशक्ती निसटत चाललेल्या प्रत्येक विश्वासणाऱ्यालाही ते लागू पडते असे मला वाटते. स्वतःच्या देहावरचा आणि दिवसावरचा ताबा हाच बहुतेकांचा अखेरचा राखीव कोपरा असतो, आणि तो देऊन टाकण्यात कोणालाही दिसेल असे काही नसते. पेत्राला हे ऐकून काय वाटले ते लिहिलेले नाही. त्याने मागे वळून, मागून येणाऱ्या दुसऱ्या एका शिष्याकडे पाहिले आणि विचारले की प्रभू, याचे काय? ‘त्याच्याशी तुला काय करायचे आहे? तू माझ्यामागे ये’ एवढेच त्याला सांगण्यात आले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले नाही.